वसईची सुकेळी: वाडी, वाळवण आणि नावाची किंमत

राजेळी जातीचे पिकलेले केळे सोलून उन्हात वाळवले की त्याचे सुकेळे होते. साखर, मीठ, तेल, रंग यांपैकी काहीही त्यात पडत नाही. जो गोडवा असतो तो फळाचा, आणि जो टिकाऊपणा येतो तो उन्हाचा. पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, विशेषतः आगाशी आणि तिच्या आसपासच्या गावांत, सुकेळी पिढ्यानपिढ्या होत आली आहेत. चांगले सुकेळे मधाच्या रंगाचे, बाहेरून कोरडे आणि आतून मऊ-चिवट असते. दाताखाली आले की आधी सुक्या अंजिराची आठवण होते, आणि मागे जिभेवर केळ्याची चव रेंगाळते.

गावाच्या नावावर विकली जाणारी फळे महाराष्ट्रात बरीच आहेत. देवगडचा हापूस, घोलवडचा चिकू, नागपूरची संत्री, सांगलीचा बेदाणा, नाशिकची द्राक्षे ही त्यांतली ठळक नावे. वसईची सुकेळी याच पंक्तीत बसतात, पण त्यांची स्थिती निराळी आहे. नाव जुने आणि मोठे, माल मात्र इतका थोडा की वसईबाहेरच्या बहुतेक मराठी माणसांनी तो कधी चाखलेलाही नाही. एखाद्या फळाला नाव कसे मिळते, त्या नावाची किंमत कोणाच्या हाती पडते आणि माल आटत गेला तर नावाचे काय होते, हे सगळे प्रश्न या एका पदार्थाभोवती एकत्र येतात.

राजेळी ही दक्षिणेतल्या नेंद्रन केळीच्या कुळातली. केरळात ज्या केळ्यांचे वेफर खोबरेल तेलात तळतात, तीच ही जात. फळ लांब, कोनदार, जाड सालीचे. लोंगरात फण्या कमी आणि फणीत केळीही मोजकी, पण एकेक केळे मूठ भरून टाकेल एवढे. गर घट्ट आणि पिष्टमय असतो, आणि पूर्ण पिकल्यावरही तो पाणचट होत नाही. सुकेळ्यांचे सगळे रहस्य या गुणात आहे. बसराई किंवा वेलची केळे वाळवायला घातले तर पाणी जाऊन हाती चिकट, चपटी पट्टी उरते. राजेळीचा गर आक्रसतो, तरी त्याला अंग राहते. कच्च्या राजेळीचे काप आणि वेफर होतात, पिकलेली तुपात परतून खातात, पण नुसती सोलून खाण्यासाठी तिला फारशी मागणी नसते.

वाइनच्या द्राक्षाचेही असेच आहे. खाण्याचे द्राक्ष मोठे, पातळ सालीचे, बिनबियांचे असावे लागते. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे असते. काबर्ने सोव्हिन्योंचा घड फळबाजारात ठेवला तर गिऱ्हाईक त्याकडे वळून बघणार नाही. त्याची किंमत प्रक्रियेनंतर ठरते. राजेळीचा शेतकरीही त्याच अर्थाने पुढच्या प्रक्रियेसाठी फळ पिकवतो, आणि म्हणून फळबाजाराच्या दराने त्याचा हिशेब मांडता येत नाही.

1882 साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात इथल्या केळ्यांच्या जाती नोंदल्या आहेत. बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, लोखंडी, सोनकेळी, करंजेळी अशी ती नावे वाचताना आज वाईट वाटते, कारण त्यांतल्या निम्म्या जाती आताच्या वाडीवाल्यांच्या मुलांना ओळखताही येणार नाहीत. आगाशीच्या सुक्या केळ्यांचा लौकिकही त्या काळात सरकारी नोंदींपर्यंत पोचला होता. म्हणजे हे नाव कोणा जाहिरातदाराने दिलेले नाही. ते किमान सव्वाशे-दीडशे वर्षे गिऱ्हाइकांच्या तोंडी आहे.

केळ्याचे आणि अंजिराचे नाते तर त्याहून जुने. 1534 पासून 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. पोर्तुगीज लोक केळ्याला 'हिंदुस्थानचे अंजीर' म्हणत. गोव्यात राहिलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात केळ्याचे वर्णन याच नावाखाली केले आहे. सुक्या केळ्याला व्यापारी इंग्रजीत पुढेही 'बनाना फिग' हे नाव राहिले.

वसईचा हा पट्टा सुपीक होण्यामागे पाण्याची मोठी करामत आहे. समुद्राकाठची वाळूमिश्र जमीन पावसाचे पाणी चटकन पोटात घेते, आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. हा थर टिकवण्यासाठी गावोगावी बावखले होती. बावखल म्हणजे वाडीलगतचे गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरायचे, आजूबाजूच्या विहिरींना पाझर द्यायचे, आणि उन्हाळ्यात त्यावरच रहाट चालायचे. या पाण्यावर सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, माळी अशा समाजांनी वाड्या वाढवल्या. वाडीत एकच पीक कधी नसे. नारळ-सुपारीच्या सावलीत पानवेल, मधल्या सरीत केळ, कडेला भाजी आणि फुलझाडे अशी ती रचना. केळीला शेणखत, पेंड आणि वेळेवर पाणी लागते. नारळाच्या रांगा समुद्रावरून येणारा वारा अडवत, नाहीतर राजेळीसारखी उंच केळ लोंगर धरल्यावर कोलमडते. लावणीपासून लोंगर उतरेपर्यंत वर्षभराचा काळ जातो. झाडाला टेकू द्यावा लागतो, खोडकिडा आणि पर्णगुच्छ यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

लोंगर केव्हा उतरवायचे हे फळ बघून ठरते. केळ्याचे कोन बोथट होऊ लागले, साल भरून आली, की झाडावर पिकण्याची वाट न बघता लोंगर कापतात. मग फण्या सुट्या करून गवताच्या किंवा पेंढ्याच्या आढीत घालतात. जुन्या पद्धतीत आढीला धुरी देत. धुराच्या उबेने सगळ्या फण्या एकसारख्या पिकत. आढी उघडली की घरभर वास सुटतो. साल पिवळी होऊन तिच्यावर काळे ठिपके आले, तरी केळे दाबल्यावर बोट आत रुतता कामा नये, ही खरी पारख. कमी पिकलेले केळे वाळून लाकडासारखे होते, जास्त पिकलेले सोलतानाच हातात मोडते. या दोन चुकांमध्ये फार तर दीड-दोन दिवसांचे अंतर असते, आणि सुकेळे करणाऱ्या बाईचे सगळे कसब त्या दीड-दोन दिवसांत पणाला लागते.

सोललेली केळी बांबूच्या किंवा कारवीच्या उंच मांडवावर, चटईवर एकेक सुटी मांडतात. दोन केळी एकमेकांना चिकटली तर तिथे ओल राहते आणि बुरशी धरते. उन्हाची तिरीप सरकेल तशी केळी उलटायची. संध्याकाळी दव पडण्याआधी सगळा माल गोळा करून झाकून ठेवायचा, सकाळी ऊन तापल्यावर पुन्हा पसरायचा. पहिल्या दिवसांत गर फिका आणि ओलसर असतो. मग साखर वर येऊ लागते, केळी चमकू लागतात, आणि माश्या, मुंग्या, कावळे यांची राखण सुरू होते. हळूहळू रंग पिवळ्याचा तांबूस, तांबसाचा तपकिरी होतो. साधारण आठवडाभराने केळे अर्ध्याहून बारीक झालेले असते. मग एकेक केळे बोटांत दाबून बघतात. रस सुटत नाही, पण बोटाचा ठसा उमटतो, अशा अवस्थेला ते मांडवावरून उतरते. शेवटी सुकेळी केळीच्याच सुक्या सोपटात गुंडाळून केळीच्याच दोराने बांधतात. फळ, वेष्टन आणि दोर एकाच झाडाचे, अशी ही पुडी असते.

हे सगळे करायला दिवाळीनंतरची कोरडी हवा हवी. तिथपासून वळवाच्या पावसाआधीपर्यंतचे महिने हाच सुकेळ्यांचा हंगाम. मध्येच आभाळ आले, अवकाळी सरी पडल्या, की मांडवावरचा माल दोन दिवसांत आंबतो. समुद्रकाठची हवा दमट, त्यामुळे जोखीम कायमचीच.

आता हिशेब बघावा. पिकलेल्या केळ्यात सालीचा वाटा वजनाच्या सुमारे एक तृतीयांश. उरलेल्या गरात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी. सुकेळ्यात पाणी एक पंचमांश उरले असे धरले, तर एक किलो सुकेळ्यांसाठी चार किलोच्या आसपास पिकलेली राजेळी लागते. त्यावर आठवडाभराची राखण, उलटापालट, सोलणी, बांधणी, आणि पावसाने वाया जाणारा घाणा. म्हणजे सुकेळ्यांचा दर ताज्या राजेळीच्या चौपट मिळाला, तर वाडीवाल्याच्या हाती मजुरीचाही पैसा पडत नाही. कमाई सुरू होते ती त्यानंतर. गिऱ्हाईक दुकानात उभे राहून 'केळी तर केवढी स्वस्त, मग ही एवढी महाग कशी?' असे विचारते, तेव्हा हा हिशेब त्याला कोणी सांगितलेला नसतो. सुकेळ्यांच्या विक्रीतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

एके काळी हा हिशेब जमत होता, कारण राबणारे हात घरचे होते आणि बाजार दारात येत होता. 1867 साली विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली. त्यानंतर वसईची भाजी, फुले, पाने, दूध आणि केळी रोज मुंबईला जाऊ लागली. पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने जाणारी वसईकरीण पश्चिम उपनगरांतल्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीची आहे. पाटीत भाजीखाली सोपटाच्या चार पुड्या असल्या, तरी त्यांना ठरलेली घरे असत. नाशवंत माल त्याच दिवशी विकावा लागतो, सुकेळी थांबू शकत होती. नीट वाळवलेली सुकेळी कित्येक महिने टिकतात, त्यामुळे ज्या हंगामात वाडीत दुसरे काही नसे तेव्हाही घरात चार पैसे येत. आजही दिवाळीला, नाताळला, परदेशी निघालेल्या मुलाच्या पिशवीत ती जातात. सणाच्या आणि नात्याच्या या वाटांनीच सुकेळी आजवर तगली आहेत.

मग ती कमी का झाली? याला एकच कारण नाही. सगळ्यात आधी केळीचा बाजार हलला. जळगाव जिल्ह्याने मोठ्या शेतांवर, पुढे ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित रोपांच्या जोरावर इतके पीक काढायला सुरुवात केली की मुंबईच्या बाजारात वसईच्या केळीला दराची बरोबरी करणे अशक्य झाले. वसईच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. वाडीवाल्यांनी केळीची जागा फुलांना आणि पालेभाज्यांना दिली. त्यांत पैसा लवकर फिरतो. बसराई गेली तिच्यासोबत राजेळीही मागे पडली, खरे तर तिचा बाजार वेगळा होता.

दुसरा घाव जमिनीवर पडला. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून वसई-विरारमध्ये बांधकामाची लाट आली. इमारतींना पाणी पुरवण्यासाठी गावांतल्या विहिरींवर टँकर लागले, उपसा वाढला, गोड्या पाण्याचा थर पातळ झाला आणि कित्येक विहिरींत खारे पाणी चढले. बावखले बुजवली गेली. याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. टँकर, वाडीची जमीन आणि गुंडगिरी या प्रश्नांवर हजारो लोक रस्त्यावर आले. आज जो हरितपट्टा शिल्लक दिसतो त्यात या लढ्याचा मोठा वाटा आहे. फादर दिब्रिटो पुढे 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. पण शहराची वाढ थांबली नाही. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर गेलेली होती. वाडीशेजारी चार मजली इमारत उभी राहिली की दुपारनंतर मांडवावर सावली येते. सुकेळ्यांचे नुकसान करायला एवढेही पुरते.

तिसरे कारण घरातले. वाडीतल्या मुलामुलींनी शिकून नोकऱ्या धरल्या, हे चांगलेच झाले. पण आठवडाभर मांडवापाशी बसणारे हात घरात उरले नाहीत. मजूर लावून हे काम परवडत नाही. म्हणून सुकेळी करणारी कुटुंबे आता मोजकीच आहेत, आणि त्यांतही हे काम बहुधा घरातल्या वयस्क बायकांच्या अंगावर आहे.

अशा पदार्थाला बाजारात उभे करायचे तर पहिला प्रश्न नावाच्या हक्काचा येतो. भारतात वस्तूंच्या भौगोलिक उपदर्शनाचा कायदा 1999 साली झाला आणि 2003 मध्ये लागू झाला. चेन्नईच्या कार्यालयात नोंद होते, ती दहा वर्षे चालते आणि पुन्हा वाढवता येते. व्यवहारात त्याला सगळे जीआय म्हणतात. हा हक्क एका माणसाचा नसतो, त्या भागातल्या उत्पादकांच्या समूहाचा असतो. पालघर जिल्ह्यातच याचे चांगले उदाहरण आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये जीआय मिळाला, आणि 2021 मध्ये जीआयच्या शिक्क्यासह हा चिकू ब्रिटनला निर्यात झाला. बोर्डीला तर चिकूपासून वाइन करणारी वायनरीही उभी राहिली. फळ तेच, पण बाटलीत गेल्यावर त्याचे गिऱ्हाईक आणि दर दोन्ही बदलले.

सुकेळ्यांसाठी या कायद्याचा उपयोग करताना एक गोष्ट नीट ठरवावी लागेल: संरक्षण नेमके कशाला? केळ्याला की वाळवणाला? ताजे फळ आणि वाळवलेले फळ कायद्याच्या दोन वेगवेगळ्या वर्गांत मोडतात, अनुक्रमे 31 आणि 29. राजेळी कोणीही कुठेही लावू शकतो. केरळातल्या त्रिशूर भागातल्या चेंगाळिकोडन नेंद्रनला जीआय आहे, कारण ओणमच्या वेळी गुरुवायूर मंदिरात वाहिल्या जाणाऱ्या लोंगरांशी तिचे नाते जोडलेले आहे. वसईचे वैशिष्ट्य वाळवणीत आहे. पण बाहेरून राजेळी आणून वसईत वाळवली तर ती वसईची सुकेळी म्हणायची का? आज राजेळी अपुरी पडते तेव्हा हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. फळही इथले आणि ऊनही इथले, असा नियम हवा, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. तो नियम सैल केला तर वाडीवाल्याच्या हातातली एकमेव ताकद जाते.

हाच वाद फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वी रस्त्यावर आला होता. शँपेन भागातल्या व्यापाऱ्यांनी बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून त्याच नावाने वाइन विकायला सुरुवात केली, तेव्हा 1911 मध्ये द्राक्ष उत्पादकांनी दंगली केल्या, व्यापाऱ्यांची तळघरे फोडली. 1927 च्या कायद्याने शँपेनची हद्द पक्की झाली. 1941 मध्ये उत्पादक आणि वाइन कंपन्या यांची एकत्र समिती बनली, ती आजही काम करते. तिथे बहुतेक मळे लहान शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत, आणि विक्री मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे. पिकवणारा एक आणि विकणारा दुसरा असला तरी नावावर दोघांचा सामाईक अधिकार ठेवण्याची ही व्यवस्था आहे. पिनो न्वार द्राक्ष जगात कुठेही पिकते. शँपेन हे नाव मात्र हद्दीबाहेर जाऊ शकत नाही.

नाशिकचा अनुभव आणखी जवळचा. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाले. त्याआधीच, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाच्या परिसरात सुला कंपनीने सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनाँ ब्लाँ या जाती लावल्या होत्या, आणि 2000 साली तिची पहिली वाइन बाजारात आली. सुलाने पुढे 2005 मध्ये वायनरीतच चव घेण्याची खोली उघडली आणि 2008 पासून संगीत महोत्सव भरवला. गिऱ्हाईक मळ्यापर्यंत आले, वेल बघितली, टाकी बघितली, आणि मग बाटलीच्या किमतीबद्दल त्याची तक्रार राहिली नाही. वसईला ही सोय नाशिकपेक्षा सोपी आहे. विरार लोकलने दीड तासात आलेल्या मुंबईकराला आगाशीची वाडी, बावखल, मांडव दाखवून समोर सोपटाची पुडी ठेवली, तर चार किलोंचे एक किलो कसे होते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पण नाशिकने दुसराही धडा दिला आहे. 2008 च्या मंदीनंतर वाइनची मागणी घसरली, वायनऱ्यांकडे साठा पडून राहिला, आणि करारावर वाइन-द्राक्ष लावलेल्या कित्येक शेतकऱ्यांनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. वाइनचे द्राक्ष दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. घेणारा एकच असला की शेतकरी त्याच्या दावणीला बांधला जातो. राजेळीचे तसे नाही. सुकेळ्यांची मागणी कमी झाली तर तीच फळे वेफरला जातात. ही मुभा वाडीवाल्याने कोणत्याही करारात सोडू नये.

तरीही एकेकट्या कुटुंबाने चार-दोन किलो माल घेऊन बाजार गाठणे अवघडच. 1912 साली कॅलिफोर्नियातल्या बेदाणा उत्पादकांनी एकत्र येऊन संघ काढला आणि 1915 मध्ये 'सन-मेड' हे नाव घेतले. लाल टोपडे घातलेल्या मुलीचे चित्र आज जगभर ओळखले जाते, आणि ते अजूनही उत्पादकांच्या संस्थेचेच आहे. सांगली-तासगावच्या बेदाण्याचा बाजार आणि 1991 मध्ये सुरू झालेली महाग्रेप्स ही आपल्याकडची उदाहरणे. वसईला सहकार नवा नाही. बॅसीन कॅथलिक सहकारी बँक इथे 1918 पासून आहे. एकत्र प्रतवारी, एकत्र पॅकिंग आणि एकच नाव, एवढ्यापुरती छोटी संस्था किंवा उत्पादक कंपनी काढायला वसईकरांना बाहेरून शिकवणारा कोणी लागणार नाही. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 2020 पासून अशा उद्योगांना प्रकल्प खर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, त्याचाही आधार घेता येतो.

वाळवणीच्या तंत्रात सुधारणा करायला मात्र जपून हात घालावा लागेल. थायलंडच्या फित्सानुलोक प्रांतात बांग क्राथुम नावाचा भाग सुक्या केळ्यांसाठीच प्रसिद्ध आहे. तिथे उघड्यावर वाळवण्याऐवजी पारदर्शक पत्र्याच्या घुमटाकार सौर वाळवणघरांचा वापर वाढला. माशी नाही, धूळ नाही, पावसाची भीती नाही, आणि ऊन मात्र तेच. वसईच्या दमट हवेला हा उपाय मानवेल. विजेच्या भट्टीत माल एका दिवसात वाळतो, पण बाहेरून टणक आणि आतून ओला राहण्याचा धोका असतो, आणि सावकाश वाळताना जो रंग नि वास चढतो तो येत नाही. सुकेळ्यांची चव या संथपणात आहे.

वेष्टनाचेही तसेच. खाद्यसुरक्षेच्या नियमांनुसार नोंदणी, वजन, तारीख हे सगळे लेबलवर लागतेच, आणि हवाबंद पिशवीत माल जास्त टिकतो. पण सोपटाची पुडी टाकून नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सुकेळी भरली, तर ती परदेशी खजुराशेजारी अनोळखी होऊन बसतात. आत हवाबंद पिशवी आणि बाहेर सोपट अशी सांगड घातली तर दोन्ही साधते. पुडीही लहान हवी, पाव किलोच्या आतली. पहिल्यांदा चव घेणारा माणूस किलोभर घेत नाही. कोणत्या गावच्या वाडीतली आणि कोणत्या महिन्यात वाळवलेली, या दोन गोष्टी लेबलवर छापल्या तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तीच वाडी मागते. वाइनच्या बाटलीवर मळ्याचे नाव आणि वर्ष असते ते याचसाठी. आणि उत्पादन वाढवून दर पाडण्यापेक्षा थोडा माल चांगल्या दराने, आधी नोंदणी घेऊन विकणे वसईला जास्त मानवेल, कारण जमीन वाढणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी रोपांचा प्रश्न आहे, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जाते. केळीला बी नसते. राजेळी पुढे चालते ती जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या मुनव्यांवर. वाडी विकली गेली की त्या वाडीतले मुनवेही जातात, आणि शेजाऱ्याकडेही राजेळी उरली नसेल तर लावायला काही मिळत नाही. केरळातून नेंद्रनची रोपे आणता येतील, पण आगाशीच्या वाळूत आणि तिथल्या विहिरीच्या पाण्यावर शंभर-दीडशे वर्षे निवडत आणलेली राजेळी तीच असेल असे नाही. ज्या वाड्यांत जुने बुंधे अजून उभे आहेत त्यांतले निरोगी, खोडकिडा न लागलेले मुनवे वेगळे काढून लावायचे, त्यांतूनच ऊतिसंवर्धनाने रोपे वाढवायची आणि ती हरितपट्ट्यातल्या वाडीवाल्यांना द्यायची, हे काम जीआयच्या अर्जाच्या आधी व्हायला हवे. नवी लावण केल्यापासून पहिले लोंगर उतरायला वर्ष लागते, आणि त्यापुढे आढीचे काही दिवस आणि मांडवावरचा आठवडा.